थोरलीची कल्हई

माझ्या नातसुनेच्या स्वयंपाकघरात एक काळा तवा होता. त्याला लाकडी उलथनंच लावायचं, राख-वाळूने घासायचं नाही, रिकामा तापवायचा नाही, असे त्याचे घरजावयासारखे लाड. परवा तिने तो टाकायला काढला. म्हणाली, "आजोबा, कोटिंग गेलं." मी म्हणालो, "कल्हई गेली म्हण." तिने विचारलं, "कल्हई म्हणजे?" या प्रश्नाचं उत्तर मी चांगलं तासभर दिलं. पोरगी सोशिक, तिने ऐकून घेतलं. मधे दोनदा कुकरची शिट्टी झाली तेव्हाच काय ती उठली. रात्री मात्र ती नवऱ्याला सांगत होती की आजोबांना भांड्याकुंड्यांविषयी चुकूनसुद्धा काही विचारू नकोस. म्हणून आता हे लिहून काढतो आहे. कागदाला कुकर लावायचा नसतो.

कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ हात. नखाएवढीसुद्धा जाडी नाही त्याची, पण ती नसेल तर चिंचेची आमटी घटकाभरात हिरवी पडते, ताक कळकतं आणि खाणारा ओकाऱ्या काढत बसतो. एवढा साधा अर्थ. पण आमच्या कोल्हारात हा शब्द भांड्यांपेक्षा माणसांसाठीच जास्त वापरायचे. नवरीने तोंडाला पावडर लावली की बायका म्हणायच्या, कल्हई बेस झालीय. एखाद्या जावयाला सासऱ्याने चार शब्द सुनावले की त्याला कल्हई केली. पुण्याला चार महिने राहून आलेला माणूस 'आहे, नाही' असं शुद्ध बोलू लागला की पैज लागायची, ह्याची कल्हई किती दिवस टिकते. मी मॅट्रिकला एकदा बसलो आणि तिथेच बसून राहिलो, तेव्हा माझ्याबद्दल आई शेजारणीला सांगायची, "आमच्या दत्त्याची कल्हई शाळेच्या दारातच उडाली बघा." शेजारीण म्हणायची, "मुळात पितळ तरी हाय का?" या दोघींचं माझ्याविषयी कधी दुमत नव्हतं.

आमच्या घरी भांडी होती, म्हणजे गावची भांडी. लग्नकार्याला सगळ्या गावाने मिळून घेतलेली: दोन अजस्र तांब्याची तपेली, पराती, झाकणं, पळे, ओगराळी. दोन तपेल्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे. थोरलीत दोनशे माणसांचं वरण शिजायचं. लहानपणी मला एकदा तिच्यात अंघोळ घातली होती आणि मी तिच्यात हरवलो होतो असं आई सांगायची, पण आईचं सगळंच धरायचं नसतं. ही भांडी सांभाळायचं काम माझ्या वडिलांकडे, आबांकडे होतं. आबांना दुसरा कुठलाही मान गावात नव्हता. जमीन बेताची, आवाज बारीक, चावडीत बोलायला उठले तर लोक पान लावायला घ्यायचे. पण भांड्यांच्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला होती आणि ती चालताना वाजायची. खोली आमच्या झोपायच्या जागेला लागून. उंदीर एका झाकणावरून दुसऱ्यावर गेला की झांजा वाजल्यासारखा आवाज व्हायचा. आई करवादायची, "ह्या घरात मानसानं झोपावं का भजन करावं?" आबा कूस बदलून म्हणायचे, "धाकटीचं झाकन हाय ते." आवाजावरून ते भांडं ओळखायचे. मला मात्र ते पावलांवरून कधी ओळखू शकले नाहीत, कारण मी चोरपावलांनीच यायचो.

भांडी नेण्याची रीत अशी होती. जो नेईल त्याने परत करताना कल्हई करून आणायची. मग सकाळी त्या भांड्यात घरचं आंबट ताक ओतायचं, ते दिवसभर तसंच ठेवायचं आणि दिवस कलताना चावडीपुढे चार लोकांसमोर पहिली वाटी भांडी सांभाळणाऱ्याने प्यायची. ताक कळकलं नसेल तर भांडं जमा. आबा ही वाटी फार थाटात प्यायचे. धुतलेलं धोतर नेसून जायचे, वाटी दोन्ही हातांनी धरायचे, पिऊन झाल्यावर डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहायचे, आणि मग म्हणायचे, "बरं हाय." त्या दोन शब्दांसाठी आख्खं गाव त्यांच्या तोंडाकडे बघायचं. आई म्हणायची, "ताक घरचं, पोट घरचं, आन् मोठेपना गावचा."

कल्हई करायचे उस्मानभाई. वेशीपाशी त्यांचं घर, दारातच जमिनीत भट्टी आणि तिला लावलेला चामड्याचा भाता. मी तासन्तास तिथे बसायचो. आधी भांड्यात वाळू टाकून पायाने घासायचं, म्हणजे आत उभं राहून, भिंतीला धरून, कंबर हलवत गोल गोल फिरायचं. मग ते निखाऱ्यांवर लाल होईस्तोवर तापवायचं. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर भस्सकन उठायचा, नाकात मिरची गेल्यासारखं व्हायचं. त्या धुरातच उस्मानभाई कथलाची कांडी दोन ठिकाणी टेकवायचे आणि कापसाचा बोळा एकदाच फिरवायचे. तांबडं भांडं बघता बघता चांदीचं व्हायचं. मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की ते आपल्याला येतं अशी माझी खात्री झाली होती. बघून आलेल्या विद्येबद्दल माझी खात्री आयुष्यभर अशीच दांडगी राहिली आहे. पोहणं मी काठावरूनच शिकलो.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. आमच्याकडे तोफांचा आवाज येत नव्हता, पण रॉकेल गेलं, साखर गेली, आणि कुठल्याशा लांबच्या मुलखातून येणारं कथीलही गेलं. उस्मानभाई म्हणायचे, "दुसऱ्या गावाचे कल्हईवाले शिसं मिसळतात. कुनाला कळत न्हाई. पन शिसं पोटात गेलं ना, मानूस आतून पिळवटतो. मी न्हाई मिसळायचा. कथील असलं तर कल्हई, नसलं तर राम राम." त्याच वर्षी माझ्या अक्काचं लग्न झालं. थोरली आम्हीच वापरली, म्हणजे आता कल्हई करून द्यायची पाळी आमची. आणि पंधरा दिवसांनी ती लागणार होती उस्मानभाईंच्याच घरी, त्यांच्या लेकीच्या, जैबूनच्या लग्नाला. आबांनी नगरला दोन खेपा घालून कथलाची एक कांडी मिळवली, ती धोतराच्या सोग्यात बांधून आणली आणि माझ्या हातात दिली. "उस्मानभाईला नेऊन दे. वाटंत कुठं थांबू नगंस."

मी थांबलो. मला सांगायला आवडलं असतं की ते कथील मी देशकार्याला दिलं. वय तेच होतं, दिवसही तेच होते, माझ्या बरोबरीची पोरं तारा तोडून तुरुंगात गेली होती. मी ते कथील चिलखताला लावलं. जत्रेत आमचं नाटक होतं आणि मी राजा होतो. चिलखत एका मोडक्या परातीचं ठोकून केलेलं. पितळेचं चिलखत घातलेला राजा हा राजा न वाटता भांडी विकायला आलेला तांबट वाटतो असं आमच्या मंडळींचं एकमत होतं. मनात म्हटलं, कांडीतलं नखभर घेऊ, कुणाला कळतंय. आमच्या मळ्यात भट्टी पेटवली. नखभर टेकवलं तर ते गोळा होऊन घरंगळलं. मग आणखी थोडं. मग आणखी. बोळा फिरवला तो पेटला. शेवटी चिलखत छातीपाशी झकास चकाकू लागलं आणि माझ्या हातात कांडीचा जो भाग धरायचा असतो तेवढाच उरला.

आता शहाणा माणूस घरी जाऊन मार खाऊन मोकळा झाला असता. मी मात्र उपाय शोधला. उस्मानभाई लग्नाची बोलावणी करायला राहुरीकडे गेले होते. मी थोरलीला बैलगाडीत घालून त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या बायकोला, अमिनाभाभींना म्हणालो, "उस्मानभाई म्हणाले, दत्तू भाता चालवून ठेव, घासून ठेव." भाभी लग्नाच्या पापडात बुडालेल्या. त्या म्हणाल्या, "कर बाबा, पन आग सांबाळ." नदीवरच्या एका म्हाताऱ्या भोयाकडून मी फाटकं जाळं आणलं होतं, त्याला शिशाचे मणी होते. ते मणी, उरलेलं कथील आणि मळ्यातल्या मातीतून खरवडून काढलेले कथलाचे थेंब असं सगळं एकत्र वितळवलं. थोरलीत उभा राहून वाळूने कंबर हलवली, तेव्हा भाभींच्या दारातल्या पोरींनी हसून घेतलं. दुपार उलटेस्तोवर थोरली आतून रुपेरी झाली. म्हणजे रुपेरीच म्हणायची, बाजूला उस्मानभाईंच्या हातचं भांडं ठेवलं नाही तर. मी घरी येऊन आबांना सांगितलं, "उस्मानभाईंनी करून दिली. घाईत होते, लगेच परत गेले." एकाच दिवसात दोन्हीकडे उस्मानभाईंचं नाव वापरून मी मोकळा झालो आणि पोटभर जेवलो. पिठलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने थोरलीत दोन घागरी ताक ओतलं आणि दुपारी मी भाकरी मोडायला बसलो. समोर थोरली, तिच्यावर फडकं. शिशाने माणूस आतून पिळवटतो हे उस्मानभाईंचं बोलणं मला तेव्हा आठवलं. आधी का नाही आठवलं असं माझ्या मुलाने मला एकदा विचारलं होतं. आधी भूक नव्हती लागली. खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात 'पकडला जाईन का' एवढाच प्रश्न होता. पहिली वाटी आबा पिणार आहेत, हे माहीत असूनही लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या प्रहरापर्यंत मी ते ताक सांडण्याचे चार बेत केले. मांजर आणून सोडलं, ते फडक्यावर झोपलं. आईला म्हणालो, पाल पडली. तिने हात घालून सगळं ताक ढवळून पाहिलं आणि पाल न सापडल्याबद्दल मला एक ठेवून दिली.

दिवस कलताना थोरली चावडीपुढे तीन दगडांवर मांडली. रामजी पाटील आले, आणखी दहाबारा जण आले. आबांचं धोतर बगळ्यासारखं. रामजी पाटलांनी फडकं उचलून आत डोकावलं आणि ताकाच्या वर उघडा राहिलेला काठ अंगठ्याने पुसला. अंगठा काळा झाला. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला.

"आबा, ही उस्मानची कल्हई?"

"त्याचीच. काल त्यानंच करून दिली."

"उस्मानची कल्हई अशी गढूळ नसती. पोरीचं लगीन काढलंय ना, कथील तिकडं गेलं असंल आन् शिसं हिकडं. लढाईनं त्याला बी शिकवलं म्हनायचं."

कुणीतरी हसलं. दुसरा म्हणाला, "मंग त्याच्या घरच्या लग्नाला जेवायचं का न्हाई? इचार करावा लागंल." तिसरा म्हणाला, "माझ्या घरची चार भांडी त्यानंच केल्यात की." ते ऐकून चौथ्याने पोटावर हात ठेवला. त्याचं पोट त्याच क्षणी दुखू लागलं असावं. पाच मिनिटांत उस्मानभाईंनी तीस वर्षं केलेल्या भांड्यांची झाडाझडती सुरू झाली आणि ते बिचारे राहुरीच्या रस्त्यावर कुणाला तरी लग्नाला या म्हणत असतील.

तेव्हा आमचे बारीक आवाजाचे आबा बोलले. "उस्माननं शिसं घातलं न्हाई. घालनारच न्हाई. अंगठा कशानं बी काळा हुतो." एवढं बोलून त्यांनी वाटी भरली. नेहमीसारखी अर्धी नव्हे, काठोकाठ. "ही घ्या, पितो म्या. मला काय झालं तर मग बोला त्याला." आणि वाटी दोन्ही हातांनी तोंडाकडे नेली.

मी उडी मारली. बेत असा होता की हाताने वाटी उडवायची आणि बाजूला व्हायचं. पण नाटकात राजाने उडी मारताना जसं करायचं असतं तसंच माझ्या हातून झालं. वाटी उडाली, मी आबांच्या अंगावर, आबा पाटलांच्या अंगावर, आणि माझा पाय थोरलीच्या कडेला. दगड निसटला. दोन घागरी ताक चावडीच्या अंगणात वाहू लागलं आणि त्यात मी मांडी घातल्यासारखा बसलो होतो.

"खुळं लागलं का काय पोराला?" पाटील म्हणाले. मी ताकात बसूनच सांगितलं. कांडी, चिलखत, भोयाचं जाळं, अमिनाभाभींना मारलेली थाप, आबांना मारलेली थाप. ओठावर ताक ओघळत होतं आणि तोंड घट्ट मिटून घेत मी मधे मधे थुंकत होतो, त्यामुळे माझी कबुली फारशी हृदयद्रावक झाली नाही. आबा धोतर पिळत उभे राहिले.

आम्ही अजून तसेच असताना उस्मानभाई वेशीतून आले, पायात धूळ, खांद्यावर पिशवी. कुणी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, कारण चौघं एकदम सांगत होते. ते आडव्या थोरलीपाशी वाकले, आत नख ओढलं, नख बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "नवसागर किती टाकला हुतास?"

"मूठभर."

"म्हून येवढं तरी चिकटलं." मग नखातलं शिसं पुसत म्हणाले, "दत्तू, शिसं घातलंस त्ये म्या खरवडीन. त्याला एक दीस जाईल. पन माझं नाव का रं घातलंस? पोरीचं लगीन आठ दिसांवर. लोक भांड्यात बघत न्हाईत बाबा, करनाऱ्याच्या तोंडाकडं बघत्यात." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ओरडण्याची सवय होती.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेलो. उस्मानभाईंनीच सांगितलं होतं: ज्या तोंडानं म्हनलास की उस्माननं केली, त्याच तोंडानं आता सांग, उस्माननं न्हाई केली. कोल्हार तेव्हा काही फार मोठं नव्हतं, पण त्या दिवशी ते मला मुंबईएवढं वाटलं. एका घरात मला चहा मिळाला. एका म्हातारीने सगळं ऐकून विचारलं, "मंग आता कल्हईचं काम तू करतूस व्हय? माझा तांब्या हाय एक." एका घरी तर नवऱ्याने बायकोला हाक मारली, "आगं बाहीर ये, दत्त्या आलाय कबुली द्यायला," आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. संध्याकाळी पाटलांच्या दारात पोचलो तेव्हा माझं पाठांतर नाटकापेक्षा बरं झालं होतं.

मग भट्टीवर. शिसं काढायला थोरली तापवून बोळ्याने पुसायची, पुन्हा तापवायची, पुन्हा पुसायची, मग वाळू. वाळूत मी. या वेळी दारातल्या पोरी हसल्या नाहीत, जैबून हसली, कारण तिला हक्क होता. "ठुमकत न्हाईस आज," म्हणाली. कथील कुठून आणायचं हा प्रश्न उस्मानभाईंनी एका शब्दात सोडवला: "चिलखत." ते उलटं धरून त्यांनी निखाऱ्यावर तापवलं आणि खाली वाटीत थेंब थेंब झटकून घेतलं. त्यांच्यापाशी पापडाच्या डब्यात जपलेला एक तुकडा होता, तोही त्यात गेला. बोळा एकदाच फिरवला. मी जे दिवसभर घाम गाळून केलं होतं ते त्यांनी तंबाखू मळायला लागतो तेवढ्या वेळात केलं आणि थोरली आतून अशी झाली की तिच्यात मला माझं तोंड दिसलं. बघवेना. जत्रेत मी पितळेचाच राजा झालो. लोकांनी तांबट म्हणून हाका मारल्या.

थोरली चावडीत न्यायच्या आधी आबा उस्मानभाईंच्या दारात आले. करगोट्याची किल्ली सोडून त्यांनी भट्टीच्या कडेला ठेवली. "भांडी आता तुमच्याकडं ठेवा, उस्मानभाई. माझ्या घरातनंच खोटं झालं. माझा काय भरवसा." मी मान खाली घातली होती तरी मला किल्ली दिसत होती. आबांच्या कमरेला ती नसताना आबा मला पहिल्यांदाच दिसत होते, कमी उंचीचे.

उस्मानभाईंनी किल्लीला हात लावला नाही. "मीच कल्हई करायची, मीच वाटी प्यायची आन् मीच म्हनायचं बरं हाय? मंग त्या दुसऱ्या गाववाल्यांत आन् माझ्यात काय फरक? उचला ती. मला परवा कळलं, माझ्या पाठीमागं कोन वाटी उचलतं त्ये."

आबांनी किल्ली उचलली, करगोट्याला अडकवली, आणि घरी जाताना ती पुन्हा वाजत गेली.

पुढच्या संध्याकाळी चावडीपुढे निम्मं गाव जमलं. जत्रेतल्या माझ्या नाटकाला एवढी गर्दी नव्हती. उस्मानभाई थोरलीपासून लांब, भिंतीला टेकून उकिडवे बसले होते आणि नखांतली काजळी काडीने काढत होते. ते कुणाकडे बघत नव्हते. रामजी पाटलांनी अंगठा फिरवला, तो कोरडा, स्वच्छ निघाला, तरी सगळे आबांकडेच बघत राहिले. आबांनी वाटी भरली, काठोकाठ. प्यायले. डोळे मिटून उभे राहिले. नेहमी ते थोडा वेळ उभे राहायचे, त्या दिवशी जरा जास्तच राहिले. मी श्वास धरला होता आणि मला कळत होतं की भिंतीपाशी बसलेल्या माणसानेही धरलाय, कारण काडी थांबली होती.

आबांनी डोळे उघडले. ओठ पुसले.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

मग उस्मानभाई काडी टाकून उठले.

"त्ये तुमच्या घरचं हाय, आबा," ते म्हणाले. "कल्हईचं सांगा."

"कल्हईचं काय सांगायचं," आबा म्हणाले, आणि त्यांनी दुसरी वाटी भरून रामजी पाटलांच्या हातात दिली.